माझा हातगुण आणि घरचा कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर स्लो झाला आणि पहिला संशय माझ्यावर आला. दुसरा संशयही माझ्यावरच आला. तिसऱ्याची गरज कुणाला वाटली नाही.

कॉम्प्युटर स्लो का होतो हे कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो तुम्हाला चार कारणं सांगेल. माझ्या सासऱ्यांनी पाचवं शोधून काढलं. ते म्हणाले, सायलीच्या हाताला गुण नाय. सायली म्हणजे मी. आता हातगुण ही आपल्याकडे मोठी जोखमीची गोष्ट. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो, एखाद्या बाईच्या हाताला चव असते, कुणी लावलेलं रोप तरारतं आणि कुणी लावलेलं आठवड्यात मान टाकतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण की-बोर्डलाही हातगुण लागतो, हे ज्ञान मला लग्न होऊन नाशिक रोडला आल्यावर झालं.

सासऱ्यांचं नाव झुंबरराव. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. मूळचे सायखेड्याचे, पण सगळी नोकरी इथल्या प्रेसमध्ये झाली. छपाईच्या मोठमोठ्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या खात्यात ते होते, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं असा त्यांचा ठाम समज आहे. मिक्सर बंद पडला की ते त्याला कान लावतात आणि बेअरिंग गेलं म्हणून जाहीर करतात. फ्रिजचंही बेअरिंग गेलेलं असतं, गिझरचंही. मग माणूस बोलवावा लागतो. तो भलतंच काहीतरी दुरुस्त करून जातो आणि नाना त्याला फाटकापर्यंत सोडायला जाताना सांगतात की, खरं म्हणजे बेअरिंग बघायला पाहिजे होतं.

सासूबाई, लताबाई, यंत्रांच्या बाबतीत नानांचं ऐकतात आणि बाकी सगळ्या बाबतीत नाना त्यांचं ऐकतात. माझा नवरा प्रफुल्ल अंबडच्या एका कंपनीत आहे, आणि तो कुणाचंच ऐकत नाही, कारण घरी असला की कानात इअरफोन असतात. नणंद तेजल पुण्यात असते. आयटी कंपनीत आहे म्हणून घरात तिला कॉम्प्युटरमधलं अंतिम न्यायालय मानतात. ती तिथे माणसांच्या मुलाखती घेते आणि रजा मंजूर करते, पण हा तपशील नानांच्या गावी नाही.

कॉम्प्युटर म्हणाल तर प्रफुल्लच्या डिप्लोमाच्या वेळी घेतलेला. सुटे भाग जोडून घेतलेला, तेव्हाचा भारीतला. दिवाणखान्यात देवघराला लागून त्याचं टेबल आहे. तिथे ठेवला की आपलंही लक्ष राहतं आणि देवाचंही, असा हिशेब. त्याच्या डब्याला, म्हणजे कॅबिनेटला, सासूबाईंनी मरून मखमलीचा सोनेरी लेस लावलेला अंगरखा शिवला आहे. धूळ बसू नये म्हणून तो कधीच काढायचा नाही. चालू करायचा तर पुढची झालर तेवढी वर करायची, बटण दाबायचं आणि झालर खाली सोडायची.

या कॉम्प्युटरवर मी प्रश्नपत्रिका टाइप करायचे. दत्तमंदिर चौकाजवळ रविराज सरांचा क्लास आहे, त्यांच्या आठवी ते दहावीच्या गणिताच्या सगळ्या सराव परीक्षा माझ्याकडे. वर्गमूळं, अपूर्णांक, त्रिकोणाच्या आकृत्या, सगळं जागच्या जागी बसवायचं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली आहे, मला ते काम आवडायचं. नाना त्याला बोटं आपटणं म्हणायचे. मानधन फार नव्हतं, पण सर मला मॅडम म्हणायचे. घरात मला "अगं" म्हणतात. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं, आणि ते माझ्या हातून निसटायला लागलं होतं.

कारण कॉम्प्युटर खरंच मरगळला होता. मी एक अक्षर दाबायचे आणि ते उमटेपर्यंत पुढचं विसरायचे. एक आकृती हलवायला घेतली की ती आधी विचार करायची, मग अर्धी हलायची. दोनदा माझ्याकडून पेपर उशिरा गेले. सर भला माणूस. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं की, सोमवारी सकाळी दहावीचा पेपर हातात हवा, मुलांची परीक्षा आहे, आणि तुम्हाला जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा मॅडम, दुसरीकडे सोय करतो. मी म्हटलं, जमेल सर.

मग घरात उपचार सुरू झाले. नानांनी आधी वजन कमी केलं. स्क्रीनवर एवढी चित्रं झालीत, एवढं ओझं घेऊन तो चालंल कसा, असं म्हणून त्यांनी एकेक चित्र धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यात माझ्या आठवी-नववीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका होत्या. डबा भरल्यावर डब्याचंही वजन होणार, म्हणून डबाही रिकामा केला. पेनड्राइव्हवर प्रत होती म्हणून प्रश्नपत्रिका वाचल्या, आणि त्या वाचल्या म्हणून नाना वाचले.

प्रफुल्लकडे एकच औषध. इअरफोन न काढता तो म्हणाला, फॉरमॅट मार. त्याने आयुष्यात एकही कॉम्प्युटर फॉरमॅट केलेला नाही, पण या वाक्यात "मार" असल्यामुळे ते म्हणताना पुरुषांना काहीतरी केल्याचं समाधान मिळत असावं. तेजलला फोन लावला. तिने पुण्याहून निकाल दिला की रॅम कमी आहे, रॅम वाढवा. सासूबाई चकित झाल्या. देवघराशेजारीच तर ठेवलाय, राम कमी कसा पडेल, असं त्यांनी विचारलं. त्यावर नाना म्हणाले की त्या डब्यात आता राम राहिलाच नाय. हा विनोद त्यांना इतका आवडला की त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला, दूधवाल्यासकट.

शेवटी सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मखमली अंगरख्यावरून ओवाळल्या आणि गॅसवरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर लागलेली होती हे सिद्ध झालं. कुणाची, हे त्या बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघून हळूच तवा उतरवून ठेवला.

मला राग आला होता आणि तो मी गिळत होते, पण शनिवारी नानांनी सगळ्यांसमोर माझी परीक्षा घेतली तेव्हा गिळायलाही जागा उरली नाही. सकाळी आंघोळ करून ते स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. झालर वर केली, बटण दाबलं. कॉम्प्युटर तरतरीत उठला. त्यांनी पत्त्यांचा खेळ उघडला, भजनाचा एक व्हिडिओ लावला, सायखेड्यातल्या जत्रेचे फोटो उघडून बंद केले. सगळं झरझर. मग ते उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस आता तू."

मी बसले. प्रश्नपत्रिका उघडली. पाच-सात प्रश्न व्यवस्थित गेले आणि मग पडद्यावरचा बाण अडखळायला लागला. मी वर्गमूळाचं चिन्ह मागितलं, ते आलंच नाही. सासूबाई मागे उभ्या होत्या, प्रफुल्लने इअरफोन काढले होते.

"बघितलं का," नाना म्हणाले. "यंत्र तेच, लाइट तीच. माझी उभी हयात मशिनीत गेली, मला कळतंय. काहींच्या हाताला यंत्र साथ देत नाय, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाय. सोड ते काम. मास्तरला सांग दुसरं कोणी बघ म्हणावं."

प्रफुल्ल काहीतरी म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, नाना म्हणतात ते बघ, म्हणजे, जे झालं ते तर आपल्यासमोरच झालंय. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मीही माझ्या हाताकडे पाहिलं. उजव्या तळव्याकडे. शिकलेली बाई, फिजिक्स घेऊन पदवी घेतलेली, आणि मी स्वतःच्या तळहातात कॉम्प्युटर बिघडवणारी रेषा शोधत होते. त्याचा मला नंतर जितका राग आला तितका नानांचाही आला नाही.

स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. राग आला की माझी कणीक फार चांगली मळली जाते. मळता मळता डोकं थाऱ्यावर आलं आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. नाना बसले तेव्हा कॉम्प्युटर नुकताच चालू झाला होता. मी बसले तेव्हा तो चांगला तापला होता. आणि हे नेहमीचंच होतं. नाना आले, लाइटबिल भरलं, एक डाव खेळले, उठले. सासूबाई आल्या, एक कीर्तन ऐकलं, उठल्या. तासन् तास बसणारी घरात मी एकटी. म्हणजे तो दमायचा तेव्हा समोर कायम मीच असायचे.

मग मी नानांना बसवायचं ठरवलं. दुपारी त्यांना म्हटलं, नाना, तुमच्या हाताने जरा गरम राहू द्या त्याला, पत्ते खेळा निवांत. त्यांना बरं वाटलं. मी चहा दिला. भाजलेले शेंगदाणे दिले. पुन्हा चहा दिला. नाना रंगात आले होते. आणि तासाभराने बदामची राणी उचलायला गेले तर ती हलेना. ओढली तर मागे दहा राण्या उमटल्या.

मी मागेच उभी होते. म्हटलं, आता काय झालं? नानांनी मान न वळवता सांगितलं की, तू मागं उभी हायस ना. मी चपला घातल्या आणि भाजी आणायला गेले. जेलरोडच्या भाजीबाजारात मुद्दाम गवार निवडत बसले, कारण गवारीला वेळ लागतो. परत आले तेव्हा पडदा निळा पडला होता आणि नाना शेंगदाण्याची टरफलं गोळा करत होते. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले की सकाळी धूळ पुसायला फडकं तूच फिरवलं होतं.

मी घरात असले तर माझ्यामुळे, नसले तर मी सकाळी होते म्हणून. माहेरी गेले असते तर माहेरी जाताना मागे वळून पाहिलं म्हणून. हातगुणाला पुरावा लागत नाही हे मला तेव्हा नीट कळलं, आणि पुराव्याने तो जाणार नाही हेही. पण सोमवारचा पेपर तर द्यायचा होता. मी झालरीखाली हात घालून कॅबिनेटवर ठेवला आणि चटकन मागे घेतला. इतकं ते तापलं होतं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं, वायर काढली, अंगरखा उतरवला आणि कॅबिनेट आडवं केलं. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून ठेवले होते. नानांनी हरकत घेतली. ते म्हणाले की आधीच नाजूक झालाय, आता त्याच्या आतच हात घालतेस का? प्रफुल्ल म्हणाला की वॉरंटी जाईल. वॉरंटी गेली तेव्हा त्याचं माझ्याशी लग्नही व्हायचं होतं, पण मी वाद घातला नाही. स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा ओढला.

आत कुंकू होतं.

कुंकू म्हणजे टिकलीएवढं नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यामधून वारा जातो आणि तो थंड राहतो. त्या पट्ट्यांमध्ये हळद-कुंकू आणि धूळ यांची गच्च वळी बसली होती, लाल लोकरीसारखी. पंख्याच्या पात्यांना अक्षता चिकटल्या होत्या. तळाशी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, उदबत्तीची राख आणि कोपऱ्यात एक अख्खं आपट्याचं पान. आमचा कॉम्प्युटर कित्येक वर्षं सोनं लुटून बसला होता. वारा आत जायला सुईएवढी जागा नव्हती. जीव वाचवायला तो स्वतःचा वेग कमी करत होता, दुसरं काय करणार बिचारा?

सगळे वाकून बघत होते. मी नानांना विचारलं की पूजा कशी करता तुम्ही याची. आणि त्यांनी सांगितलं, अगदी निरागसपणे. प्रेसमध्ये दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा व्हायची, मूठमूठ कुंकू, हार, नारळ. तिथल्या त्या लोखंडाच्या धुडांना मूठभर कुंकवाने काय होणार? तसं घरी आपलं यंत्र हे. दसऱ्याला, दिवाळीला, पाडव्याला नाना नेमाने पूजा करायचे. फक्त कुंकू लावायचं कुठे, हा प्रश्न होता. पुढे नुसती बटणं. मग त्यांनी निरीक्षण केलं. बाजूच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, म्हणजे ते यंत्राचं नाक. कपाळ काही सापडत नव्हतं, मग नाकावर तरी लावावं, म्हणून ते कुंकू थेट जाळीला लावत. यंत्र ते आनंदाने ओढून घ्यायचं. फुलं-अक्षता तर वाहायच्याच असतात, त्या वाहिल्या. दसऱ्याचं सोनं मागच्या फटीतून आत सरकवलं. फुलाने पाणी शिंपडलं. अंगरखा वर करून, पूजा करून, पुन्हा खाली सोडला.

ते सांगत होते आणि मी ऐकत होते. मला हसू येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं हा माणूस यंत्राला देव मानून त्याचं नाक बुजवत होता आणि गुदमरलेलं यंत्र बघून माझा हात तपासत होता.

मी रंगाचा कोरा ब्रश घेतला, तेजल मागे टाकून गेलेला हेअर ड्रायर थंड हवेवर लावला आणि एकेक पट्टी मोकळी केली. वर्तमानपत्रावर लाल ढीग झाला. तो मी केरात टाकणार तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"पायदळी येऊ देऊ नको," त्या म्हणाल्या, "निर्माल्य हाय ते."

मग त्या ढिगासाठी स्वच्छ पिशवी आली. अक्षता वेचल्या गेल्या, आपट्याचं पान वेगळं कागदात गुंडाळलं. प्रफुल्लने इअरफोन काढून ठेवले, गाडी काढली आणि ती पिशवी पंचवटीत नेऊन निर्माल्य कलशात सोडून आला. जाताना खड्ड्यांतून हळू चालवत होता असं म्हणाला. ज्या घाणीपायी माझं काम सुटायची वेळ आली होती तिला एवढा मान मिळाला. लग्नाच्या वरातीतही मला इतकं सांभाळून कुणी आणलं नव्हतं.

तो परत येईपर्यंत मी पत्रा बसवला, वायर लावली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. पूर्वी त्याचा पंखा घरघरायचा, आता आवाजच नव्हता. मी प्रश्नपत्रिका उघडली, आकृती उचलली, ठेवली, फिरवली. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, तो तसाच पळत राहिला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं मला वाटत होतं. फार नाही. चुकलं आमचं, एवढंही नको होतं. तुझ्या हाताचं काही नव्हतं गं, इतकंच. मी चहा होईपर्यंत वाट पाहिली. चहा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. नाना कप खाली ठेवून म्हणाले की देवाचंच सगळं आत होतं म्हणून एवढी वर्षं टिकला, नायतर केव्हाच बसला असता. सासूबाईंनी मान डोलावली. तेजलला फोन गेला, आणि नानांनी तिला सांगितलं की झाला नीट, आम्ही सगळ्यांनी मिळून साफ केला. तिने पुण्याहून सांगितलं की तरी रॅम वाढवाच.

जेवणं झाली, भांडी झाली. मी ओल्या हाताने बाहेर आले तर खुर्चीवर नाना. पत्ते झरझर पडत होते. प्रफुल्ल शेजारी स्टूल घेऊन बसला होता, त्याला नंतर मोठ्या पडद्यावर मॅच बघायची होती. सासूबाईंनी प्रफुल्लच्या मॅचनंतरचा नंबर कीर्तनासाठी लावून ठेवला होता. इतके दिवस त्या कॉम्प्युटरसमोर कुणी फार वेळ टिकत नव्हतं, म्हणून तो माझा होता. मी तो नीट केला आणि तो घराचा झाला.

मी म्हटलं की माझा पेपर अर्धा राहिला आहे, उद्या सकाळी द्यायचा आहे. नानांनी डाव थांबवला नाही.

"आता कसा चांगला झालाय," ते म्हणाले. "पुन्हा बिघडायला नको. तू आता त्याला हात लावू नको."

मी पदराला हात पुसले. घाईने नाही, नीट पुसले.

"नाना," मी म्हटलं, "माझ्या हाताला गुण आहे की नाही?"

"तसं नाय गं, पण..."

"पण नको. आहे की नाही तेवढं सांगा. आजवर मी त्याला बाहेरून हात लावत होते. आज सकाळी आतून लावलाय. पंखा मी पुसला, वायरी मी जोडल्या, आत माझा हात लागला नाही अशी एक जागा उरलेली नाही. माझ्या हाताला गुण असेल तर तसं म्हणा, उठा, आणि मला बसू द्या. नसेल, तर हा कॉम्प्युटर आता तुमच्या कामाचा नाही. मग घरात कुणीच त्याला हात लावायचा नाही. मी वर माझ्या खोलीत घेऊन जाते."

प्रफुल्ल स्टूलवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. सासूबाई देवघराकडे बघायला लागल्या. नानांसमोर डाव तसाच पडला होता. त्यांना फक्त "आहे" म्हणायचं होतं. तेवढं म्हणाले असते तर कॉम्प्युटर तिथेच राहिला असता, पत्ते राहिले असते, मॅच आणि कीर्तन दोन्ही झालं असतं. मी पेपर करून लगेच उठले असते. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मी खरंच वाट बघत होते. इतकी की मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं हे मला नंतर कळलं.

नानांनी पत्त्यांचा खेळ बंद केला. खुर्ची मागे सरकवून उठले.

"ने वर," ते म्हणाले.

मी नेला. पडदा, की-बोर्ड, कॅबिनेट, तीन खेपा केल्या. प्रफुल्ल तिसऱ्या खेपेला मदतीला आला तेव्हा मी त्याला वायरी धरायला दिल्या, त्याला तेवढंच झेपलं असतं. अंगरखा मात्र मी खालीच ठेवला. चार वाजता बसले आणि दिवेलागणीच्या आत दहावीचा पेपर सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, थँक्यू मॅडम, आणि त्याखाली नववीच्या पेपरची तारीख. मी जिंकले होते, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. कॉम्प्युटर खालीच राहिला असता, रोज रांगेत उभं राहायला लागलं असतं, तरी चाललं असतं मला. ते एकदा म्हणाले असते तर.

त्यानंतर खाली कुणी कॉम्प्युटरचं नाव काढत नाही. फक्त बिलांचा प्रश्न आला. मोबाइलवरून भरलेलं बिल पोचत नाही, असा नानांचा समज आहे, आणि प्रफुल्ल त्यांना समजावण्याइतका वेळ इअरफोन काढत नाही. म्हणून आता लाइटबिल आलं की नाना ते घेऊन जिना चढतात. त्यांचे गुडघे दुखतात, मध्ये एका पायरीवर थांबावं लागतं, ते मला वर ऐकू येतं. मग दाराबाहेर उभं राहून ते ग्राहक क्रमांक वाचून दाखवतात. आत या म्हटलं तर नको म्हणतात, तुझं चालू दे. मी बिल भरते, झालं म्हणते, ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहतात आणि उतरायला लागतात.

परवा पाणीपट्टीही होती, म्हणून एकाच दिवशी त्यांना दोनदा चढावं लागलं. दुसऱ्यांदा उतरून गेल्यावर खालून सासूबाईंचा आवाज आला. एवढं चढण्यापेक्षा म्हणून टाका की पोरीला एकदा, असं त्या सांगत होत्या. मी टाइप करायची थांबले. नाना म्हणाले, गुडघ्यांना व्यायाम होतोय.